सर्जेरावांच्या गाडीची उचकी

गुरुवारी सकाळी सर्जेराव चौगुल्यांच्या गाडीला उचकी लागली. इंजिन चालू केलं की क्षणभर ती नीट गुरगुरायची, मग बॉनेटखालून 'हिक्' असा आवाज यायचा आणि गाडी उभ्या जागी वीतभर उडायची. भाजी घेऊन निघालेल्या बायका थांबून सांगायच्या, "पाणी पाजा की जरा तिला."

उचकीचं मूळ कुणाला शोधायला नको होतं. आदल्याच दिवशी सर्जेरावांनी कंपनीचा एअर फिल्टरचा काळा डबा काढून टाकला होता आणि त्या जागी बाजारातून आणलेला लाल, उघडा, नरसाळ्यासारखा फिल्टर बसवला होता. सगळी खटपट चारचौघांत हवा करण्यासाठी. "हवा करायची तर आधी हवा आत जाया नको?" असं त्यांचं शास्त्र. आता ती इतकी आत जात होती की गाडीजवळून जाताना माणसांना टोपी हातानं धरावी लागे.

एरवी सर्जेरावांनी गाडी झाकून ठेवली असती आणि एसटीनं गेले असते, पण त्या दिवशी तेही जमण्यासारखं नव्हतं. बायको मालन मुरगूडला माहेरी जाऊन बसली होती. ती आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचं सांगत असताना सर्जेराव म्हणाले होते, "थांब जरा, इंजिनाचा आवाज ऐकू दे." मालननं आवाज पूर्ण ऐकू दिला आणि पिशवी भरली. जाताना एवढंच म्हणाली, "आठवण आली की न्यायला या." सर्जेरावांनी ठरवलं, नवा फिल्टर बसवूनच रुबाबात जायचं. तेवढ्यात मेव्हण्याचा निरोप आला की आज दिवस मावळायच्या आत आला नाहीत, तर तो बहिणीला हुबळीला घेऊन जाईल आणि मग कुणी दारात येऊ नये. एसटीनं गेलो तर मेव्हणा हसेल, हेही सर्जेरावांच्या डोक्यात होतंच. शहाणपण असं वेळेवर सुचत नाही.

म्हणून ते उड्या मारत उद्यमनगरात बाबालाल मिस्त्रीच्या गॅरेजला पोहोचले. बाबालालनं प्लग बदलले. कॉइल बदलली. पाइपाच्या पट्ट्या आवळल्या. हवा मोजणारा सेन्सर काढून, पुसून, फुंकर घालून परत बसवला. शेवटी फिल्टरवर जेवणाचं ताट दाबून धरलं. गाडीनं श्वास रोखला, दोन्ही हेडलाइट लाल झाले, आणि मग अशी उचकी आली की ताट पलीकडच्या वेल्डिंगच्या दुकानात जाऊन पडलं.

बाबालालनं बॉनेटवर पालथा हात ठेवला.

"मालक, ही इंजिनाची मिसिंग न्हवं. खरी उचकी हाय. कोनतरी हिची आठवन काढतंय."

हे सर्जेरावांना लागलं. मालन गेल्यापासून त्यांना एकही उचकी आली नव्हती. काल तर त्यांनी पाण्याशिवाय कोरडी भाकरी मुद्दाम गिळून पाहिली, तरी घसा ढिम्म. आणि या पत्र्याच्या भवानीची मात्र कुणीतरी सकाळपासून आठवण काढत होतं!

"मग आता?"

"नावं घ्या. बरोबर नाव लागलं की थांबतीय. गाडी पयली कुनाची?"

गाडी आधी डॉक्टर दाभोळ्यांची होती. सर्जेराव फिल्टरपाशी वाकून म्हणाले, "दाभोळे." फिल्टरनं नाव सुर्रकन आत ओढून घेतलं. उचकी चालूच राहिली. समोरच्या त्यांच्याच दवाखान्याच्या पाटीवर नुसतं 'डॉ.' उरलं, आणि खिडकीत येऊन डॉक्टरांनी विचारलं, "अहो, मी कोण?"

"चुकीचं नाव लागलं की गिळतीय वाटतं," बाबालाल म्हणाला. "बघून घ्या जरा."

पण बघून घ्यायला वेळ कुठे होता? ऊन कलायला लागलं होतं. विम्याचा एजंट गेला, फिल्टर विकणारा गेला, सर्जेरावांचे दोन चुलतभाऊ गेले. ज्याला ज्याला गाडीतून एकदा तरी फिरवलं होतं, तो तो नावानिशी आत गेला. बातमी फुटली तशी गल्लीतल्या दुकानदारांनी पाट्यांवर पोती टाकली. आया पोरांना "ए, हिकडं ये" एवढंच म्हणू लागल्या. एका म्हाताऱ्यानं दारावरची नावाची पाटी काढून कोटाच्या आत घातली आणि छातीला धरून बसला.

तेव्हा बाबालालला स्फुरण चढलं. "आरं, ह्या गाडीचा नट न् नट मी फिरवलाय. मीच असनार." असं म्हणून त्यानं ऐटीत स्वतःचं नाव घेतलं. गॅरेजच्या पाटीवर 'मोटर्स' राहिलं. त्याचं नाव आता आपल्यालाही घेता येत नाही. मिस्त्री म्हणून भागवू.

"मला काय म्हनत हुते?" मिस्त्रीनं विचारलं.

"मिस्त्री."

"बरं हाय," असं म्हणून त्यानं पाना पुसला.

आता सर्जेरावांकडे दोनच नावं उरली होती. एक मालनचं. ते घेतलं आणि चुकलं, तर मुरगुडात तिला कोण काय हाक मारणार? आणि बरोबर लागलं, तर त्याहून वाईट. म्हणजे तिला माहेरी बसून गाडीची आठवण येत होती, नवऱ्याची नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि आपल्या बायकोला कशाची आठवण येत असेल, हे त्यांना छातीठोक सांगता येत नव्हतं.

त्यांनी डोळे मिटले आणि फिल्टरमध्ये स्वतःचं नाव सांगितलं.

"सर्जेराव."

उचकी थांबली. नाव जिथल्या तिथं राहिलं. इंजिन लोण्यासारखं फिरू लागलं.

"म्हंजे तुमीच काढत हुता व्हय," मिस्त्री म्हणाला. "समोर उभं ऱ्हाऊन."

सर्जेरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको रुसून माहेरी, आणि हा गृहस्थ गाडीत बसून गाडीचीच आठवण काढतोय. ते तसेच मुरगूडच्या रस्त्याला लागले.

शहर मागं पडलं आणि त्यांना वाटलं, आवाज काय सुरेख येतोय! लगेच गाडी 'हिक्' करून उसाच्या ट्रॉलीला चाटून गेली. तेव्हा त्यांनी हाय खाल्ली आणि मन मालनवर बांधून ठेवलं. सुरुवातीला आठवलं ते तिचं ओरडणंच. चप्पल इथं का, टॉवेल तिथं का. कागल यायच्या आत ते संपलं. मग जरा खणावं लागलं. भाकरी थापताना ती दाराकडं बघते. फोनवर आईशी बोलताना आपोआप उभी राहते. डोळ्यांच्या ऑपरेशनचं सांगताना तिचा आवाज बारीक झाला होता, आणि आपण नेमका तेव्हाच 'थांब जरा' म्हणून हात वर केला होता. इथं सर्जेरावांना पुढचा रस्ता धूसर दिसू लागला. त्यांनी वायपर लावले. काच कोरडीच होती.

मुरगुडात पोहोचले तेव्हा सूर्य वेदगंगेला टेकला होता. दारात मेव्हण्याची जीप इंजिन चालू ठेवून उभी. गाडी फाटकाशी लावून, बंद करून, किल्ली खिशात टाकून सर्जेराव आत धावले.

मालन उंबऱ्यात पिशवीला टेकून बसली होती. "हिक्," ती म्हणाली.

"मघाधरनं चाललंय," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. "पानी झालं, साकर झाली. समद्यांची नावं घिऊन झाली. गडहिंग्लजच्या मावशीचंबी घेतलं. काय उपेग न्हाई, जावयबापू."

"समद्यांची?" सर्जेरावांनी विचारलं.

"येक सोडून."

मालननं मान खाली घातली. नवऱ्याचं नाव तिनं उघड कधी घेतलं नव्हतं. घेतलं ते उखाण्यातच, तेही चारचौघींनी आग्रह केल्यावर. सर्जेरावांचं काळीज फुलून आलं. मीच की! वाटभर मीच काढत होतो! आणि तेवढ्यात मनात आलं, पण ती आठवण मालनसाठी काढली का इंजिनासाठी?

"घे बाई," सासूबाई म्हणाल्या. "सुट एकदाची."

"चल आक्का, उशीर हुतोय," मेव्हणा जीपमधून ओरडला.

मालननं पदर सावरला. एक उचकी गिळली आणि सर्जेरावांकडे सरळ बघितलं.

"वेदगंगेच्या कडंला उसाचा मळा..."

अंगणातल्या रांगोळीची पूड हलली. पांढरी रेघ सुटून फाटकाच्या दिशेनं सरकू लागली. पुढच्याच ओळीत आपलं नाव येणार, हे ओळखून सर्जेरावांनी खिशातली किल्ली घट्ट धरली. त्यांच्या मागं, बंद गाडीच्या बॉनेटखाली, लाल फिल्टरनं खोल श्वास घेतला.