पहार घरीच राहिली तेव्हा

मी एक जुनी पहार आहे. सध्या तळ्याच्या तळाशी पडले आहे. वर बर्फ आहे आणि आज माझा जीव थाऱ्यावर नाही.

मित्रांनो, फिनलंडमधल्या एका लोहारानं मला घडवलं. आर्वो हा मासे धरणारा माझा धनी. हिवाळ्यात तळं गोठलं की तो पावलापुढे मला ठोकत चालायचा. टक्क वाजलं की पाऊल टाकायचं, बद्द वाजलं की मागे फिरायचं. असे तीस हिवाळे गेले. "आर्वोची पहार खोटं बोलत नाही," असं गाव म्हणायचं आणि मी फुशारून जायचे.

एका वर्षी बर्फ चार बोटं जाड झाला, तशी आर्वोनं तळ्यातल्या बेटापर्यंत फर झाडाच्या फांद्या रोवून गावासाठी वाट आखली. मग पाच दिवस हिम पडलं. वाऱ्यानं ते फांद्यांपाशी गुडघाभर साचवलं. पाठोपाठ झाडं तडकतील अशी थंडी आली.

बेटावर आर्वोच्या बहिणीचा नामदिवस, म्हणजे तिच्या नावाचा सण होता. वेलचीचा गोड पाव घेऊन तो निघाला.

"पहार घे," त्याची बायको हिल्का म्हणाली.

"एवढ्या थंडीत? तळ्याचा दगड झालाय, अगं! आणि वाट मीच आखलीये ना?"

"वाट तू आखलीस. बर्फ काही तू केला नाहीस."

"भित्री कुठली!" असं म्हणून तो हसत गेला. मी दाराशीच राहिले. मला फार वाईट वाटलं.

गोधडीखाली आपल्याला थंडी लागत नाही, तशी ती हिमाखालच्या बर्फालाही लागली नव्हती. फांद्यांपाशी तो चार बोटांचाच राहिला होता. वर हिमाचं ओझं, त्यात आर्वोचं. बर्फ फुटला आणि तो पाण्यात गेला.

त्याची किंकाळी ऐकून हिल्का मला घेऊन धावली. फांद्यांपाशी तिनं मला ठोकलं आणि मी एका घावात आरपार गेले. ती बाजूला वळली. तिथलं हिम वाऱ्यानं उडवून नेलं होतं, बर्फ उघडा होता. तिथे मी टक्क वाजले. त्या उघड्या बर्फावरून ती आर्वोजवळ पोहोचली, पालथी पडली आणि तिनं मला त्याच्यापुढे सरकवलं.

"धर!"

"बोटं वळत नाहीत गं..."

"मग काखेत घे, बैला! तुला इथे सोडून मी घरी जायची नाही!"

तो बाहेर आला. मी मात्र तिच्या बधिर हातातून निसटले आणि बुडाले. मला त्याचं दुःख नाही.

त्यानंतर दोन हिवाळे त्या गारठ्यानं लंगड्या झालेल्या आर्वोच्या पावलांआधी नव्या पहारेची टकटक ऐकू यायची आणि मला हायसं वाटायचं. यंदा पुन्हा हिम पडलं आहे, पुन्हा कडाका आला आहे. आत्ता वर तीच लंगडी पावलं फांद्यांच्या वाटेनं येत आहेत.

टकटक नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाचा आवाज वरपर्यंत पोहोचत असेल, तर त्याला थांबवा हो!