सातव्या बरणीतली काच

बावीस वर्षं गरम पाण्यात पडून असलेली काच तिने चिमट्याने बाहेर काढली आणि खिडकीशी तिरकी धरली. नखाएवढा तुकडा. त्यावर धुकं साचलेलं, आणि त्या धुक्यात बोटाचा ठसा. आईच्या बोटाचा.

किरणोत्सारी कचरा वितळलेल्या काचेत कोंडून हजारो वर्षं जमिनीखाली पुरायचा असतो. ती काच पाण्यात किती झिजते हे बघायला इथे प्रयोगशाळेत बिनकचऱ्याचे नमुने नव्वद अंशांवर भिजत ठेवलेले. आधी त्यांची राखण आईकडे होती, अगदी डोळ्यांत तेल घालून. पण पहिल्याच दिवशी सातव्या नमुन्याला तिचं उघडं बोट लागलं. कुणी पाहिलं नव्हतं, पण बाई मुलखाची प्रामाणिक. नोंदवहीत लिहून मोकळी झाली: "नमुना सात. माझे बोट लागले. बिघडला असावा." मग काय, साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे तिला 'सातवी बाई' म्हणून चिडवत राहिले. ती हसायची. घरी मात्र भांडी घासताना मध्येच थांबून बोटाकडे बघत राहायची. तो सल मनात ठेवूनच गेली.

"सातवा आपण मोजणीत धरत नाही," साहेब म्हणाले. "घरी ने हवं तर. आईची आठवण."

दुपारचं ऊन ठशाच्या रेषांमधून संथ वाहत होतं. तिला वाटलं, आई अजून त्या उबदार पाण्यातच आहे, आणि घड्याळं सगळी बाहेर राहिली आहेत. फोटो काढून पाहिले, पण ठसा कॅमेऱ्याला काही सापडेना.

नमुना खरंच बिघडला का, हे कळायला एकच वाट होती. ठशाच्या मधोमध काच कापायची, घासायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. ठसा मग उरणार नव्हता.

"कापा, काका," ती करवतीवरच्या काकांना म्हणाली.

"वेडी आहेस का गं? पुन्हा मिळायचं नाही हे!"

"माहितीये. म्हणून तर माझा हात धजत नाहीये."

करवत चालू असेपर्यंत ती रडली, काकांसमोरच, मोकळेपणी.

ठसा नुसता वर साचलेल्या धुक्यात, त्या साक्यात होता. त्याखाली झिजेचा थर तिने बोटाच्या जागी मोजला, ठशापासून लांब मोजला, पुन्हा मोजला. सगळीकडे सारखा.

तिने जुनं पान उघडलं आणि आईच्या ओळीखाली लिहिलं: "बोटाने काही बिघडले नाही. मोजणीत धरावा."

हे कधी एकदा घरी जाऊन आईला सांगते असं तिला झालं. पर्स उचलून ती दारापर्यंत गेली, तेव्हा कुठे आठवलं.