शून्य गाड्यांचा रस्ता

खैरवाडीला एस.टी. यावी म्हणून सरपंच भागोजीने दोन वर्षं चपला झिजवल्या. आगारातले साहेब म्हणाले, रस्ता अरुंद आहे, बांधकाम खात्याचा दाखला आणा. बांधकाम खातं म्हणालं, रुंदीकरणाला जिल्ह्याची मंजुरी हवी. जिल्हा म्हणाला, धोरण मुंबईत ठरतं. मुंबईने कळवलं, प्रश्न स्थानिक पातळीवर सोडवावा. स्थानिक पातळी म्हणजे फिरून भागोजीच.

घाई होती ती श्रुतिकासाठी. त्याची ही लेक महाडला अकरावीत होती. वाडीतली मिनिडोर रिक्षा माणसं भरल्याशिवाय हलत नसे, तोवर कॉलेजचे दोन तास होऊन जात. म्हणून ती रानातून चालत नाते गावाला जाऊन तिथून महाडची गाडी धरायची. सुंदराबाईने नवऱ्याला बजावलं होतं, “पावसात पोर एकटी रानातून धाडणार नाय. जूनपर्यंत एस.टी. नाय आली तर कॉलेज बंद.”

एप्रिलात निरोप आला की मंगळवारी जिल्ह्याची माणसं रस्ता बघायला येणार. भागोजी हरखला. पाहुणा येणार म्हटल्यावर करायचं ते सगळं त्याने केलं. रस्ता झाडून घेतला, पाणी मारलं, वळणावर रांगोळी काढवली. वाडीला ताकीद दिली, “सायबांच्या जीपला आडवं कोन येता नये. एक दिवस गाड्या घरात ठेवा रे.” वाडीनेही शब्द राखला. कॉलेजची पोरंसुद्धा पायवाटेने गेली.

दोघं जण कागद घेऊन सकाळपासून सांजेपर्यंत जांभळीखाली बसले. भागोजीने त्यांना गावठी कोंबडी नि तांदळाची भाकरी वाढली.

“कसा वाटला रस्ता?”

“छान. अगदी शांत आहे.”

त्या शब्दावर बिचारा आठवडाभर खूश होता.

मे महिन्यात पत्र आलं. सरकारी भाषा त्याला उलगडेना, म्हणून श्रुतिकाने वाचलं. ‘वाहनगणनेत सदर रस्त्यावर दिवसभरात एकही वाहन आढळून आले नाही. सबब रुंदीकरण व बससेवेचा प्रस्ताव नामंजूर. पुढील गणना तीन वर्षांनी.’

“एकबी नाय कसं?” भागोजी तडकला. “हृतिकची मिनिडोर हाय, गणूचा टेम्पो हाय, सतरा बाईका हायत.”

“त्या दिवशी सगळ्या घरात होत्या, बाबा. तुम्हीच ठेवायला सांगितल्या होत्या.”

गाड्या मोजायला आलेत, हे त्या दोघांनी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

“मी जातो. सांगतो, चूक माझी हाय.”

“कुणाला सांगणार?”

तो बोटांवर मोजू लागला. आगार, बांधकाम, जिल्हा, मुंबई. मग पुन्हा पहिल्या बोटावर आला आणि थांबला. त्याला लेकीकडे बघवेना.

सुंदराबाई दारात उभी होती.

श्रुतिकाने पत्राची घडी करून एस.टी.च्या फायलीत लावली. मग दप्तरातून कॉलेजचं ओळखपत्र काढलं आणि तेही त्याच फायलीत ठेवलं.