'विका' म्हणायचं नाही

योइदो या शेअरबाजाराच्या पेठेतल्या दलाली कंपन्यांत एक अलिखित नियम आहे: अहवालात 'विका' हा शब्द कुणी लिहायचा नाही. शेअर कितीही वाईट असो, 'ठेवा' लिहायचं आणि शहाण्याने काय ते ओळखायचं. लिहिण्याची छाती तरी कुणाची? वर्षअखेरीस उत्तम विश्लेषक कोण, याची मतं देणार मोठे फंडवाले, त्या मतांवर पुढच्या वर्षाचा करार ठरणार, आणि शेअरही त्याच फंडवाल्यांच्या पेटीत.

विश्लेषक जिन गारिमने मात्र नारू टेलिकॉमवरच्या अहवालात सरळ 'विका' लिहिलं. विभागप्रमुख याँगसाहेबांनी तिला बोलावून घेतलं.

"गारिम, वेड लागलंय का? नारूचे एक तृतीयांश शेअर फंडांकडे आहेत. ते काय खुळे आहेत?"

"साहेब, बाकीच्या दोन फोन कंपन्यांचा शेअर नफ्याच्या नऊपट भावात मिळतो. नारूचा चौदापट. आणि ग्राहक तर नारूचेच गळतायत."

"मग त्या दोघींशी तुलना करतेसच कशाला? परदेशातल्या वीसपटवाल्या कंपन्या घे. नारू लगेच स्वस्त!"

"म्हणजे वासरांत लंगडी गाय शहाणी. आणि वासरंही आपणच निवडायची."

याँगसाहेब हसले नाहीत. त्यांनी 'विका' खोडलं, 'ठेवा' केलं आणि अहवाल छपाईला धाडला.

दुपारी एका मोठ्या फंडाच्या म्यंगने तिला जेवायला बोलावलं. नारूचा सगळ्यात मोठा गठ्ठा त्याच्याच फंडाकडे होता, त्यामुळे बोलणी खायची तयारी ठेवूनच ती गेली. म्यंगने मोठ्या मायेने तिच्या थंड नूडल्स तिथल्या रीतीप्रमाणे कात्रीने कापून दिल्या.

"तुझं म्हणणं याँगने कानावर घातलं," तो म्हणाला. "गणित बरोबर आहे. आम्हीही विकणारच आहोत, पण गुपचूप, हळूहळू. तोवर ते 'ठेवा' राहू दे. घेणारा कुणीतरी हवा ना?"

"कोण घेणार?"

"मुंग्या. आणखी कोण?"

पाच-दहा शेअर घेणाऱ्या साध्या माणसांना योइदोत मुंग्याच म्हणतात. गारिमनेही हा शब्द हसत हसत कितीदा वापरला होता. आज तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मत देताना तुला विसरणार नाही हं," म्यंग म्हणाला. आपल्या नूडल्सचे पैसे टेबलावर ठेवून ती उठली.

रोज सकाळी बाजार उघडण्याआधी विश्लेषक माइकवर बोलतात आणि देशभरातल्या शाखा ऐकतात. दुसऱ्या दिवशी गारिमची पाळी आली.

"नारू टेलिकॉम," ती म्हणाली. "विका."

तेवढ्यात देगू शाखेतल्या बाईंचा आवाज आला. "अहो मॅडम, इथे कागदावर तर 'ठेवा' छापलंय. आमच्या लोकांना काय सांगू?"

याँगसाहेबांचा हात माइकच्या बटणाकडे निघाला. गारिमने माइक उचलून तोंडाशी धरला.

"कागदावरचं साहेबांचं. माझं मत 'विका'. कुणी विचारलं तर नाव सांगा, जिन गारिम."

खट्कन बटण बंद झालं. याँगसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"तुझा करार गेला म्हणून समज!"

"गेला तर गेला," गारिमने माइक खाली ठेवला. "आता खोडून दाखवा."