राहिलेला उत्तररंग

रविवारी सकाळची पूजा आटोपली की आमच्या देवळाच्या सभामंडपात मी टेबल मांडतो. टेबलावर माझा लॅपटॉप, दोन-तीन चार्जर आणि समोर सतरंजीवर गावातली वयस्कर मंडळी. सातिवलीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालो, तेव्हापासून ही माझी सेवा. फोटो, नंबर, नातवंडांचे व्हिडिओ फोनच्या बाहेरही, 'वर' म्हणजे इंटरनेटवर, जपून कसे ठेवायचे, एवढंच शिकवतो. इग्नेशियसकाका तर मिस्सा आटोपून चर्चमधून थेट देवळात येतात. त्यांचा पासवर्ड घरच्या संत अंथनीच्या तसबिरीमागे लिहिलेला आहे. "हरवला तर तोच शोधून देईल, जयवंत. त्याचं कामच ते."

त्या रविवारी धोंडूवैनी आल्या. त्यांचे यजमान श्रीपतबुवा, त्यांना जाऊन दीड महिना झाला होता. वैनी याआधी कधी वर्गाला आल्या नव्हत्या. कडेला बसल्या, सगळ्यांचं होऊ दिलं आणि मग म्हणाल्या, "भावोजी, ह्यांची कीर्तनं तेवढी लावून द्या माझ्या फोनात. आमचा हरेश म्हनाला, तुमच्याकडं वर ठेवलीत."

माझा हात चार्जरच्या वायरीवरच थांबला.

बुवांनी तीस वर्षं दर पौर्णिमेला आमच्या देवळात कीर्तन केलं. दाराशी वेताची टोपली ठेवलेली असे. आपला फोन तिच्यात टाकल्याशिवाय कुणाला आत प्रवेश नाही. "देवाशी बोलताना मधे तिसरा कशाला," म्हणत. टोपलीतून सुटका एकाच फोनची, त्यांच्या स्वतःच्या. तो पेटीच्या पायाशी पालथा पडलेला असे, रेकॉर्डर चालू करून. वैनींसाठी.

कारण वैनींनी नवऱ्याचं कीर्तन जन्मात कधी पुरं ऐकलं नव्हतं. पूर्वरंगातलं निरूपण संपे, बुवांना बुक्का लागे, गळ्यात हार पडे, मंडळी नामघोष धरत, आणि तेवढ्यात वैनी पदर खोचून उठत. मागच्या आळीत घर. आरतीला ऐंशी माणसांचा शिरा गरम हवा. उत्तररंगातली कथा सुरू होई तेव्हा त्या रवा भाजत असत. निरूपण त्यांना तोंडपाठ होतं, कथा मात्र एकही ठाऊक नाही.

"कितीदा म्हनाले ऐक म्हनून," वैनी सांगू लागल्या. "मी म्हनायची, अख्खा मानूस घरात फिरतोय, डबीतला कशाला ऐकू? सावकाश ऐकीन. आता सवडच सवड हाय."

काय घडलं होतं ते मला माहीत होतं. बुवा माझ्या अगदी पहिल्या वर्गाला आले होते. मी त्यांचा बॅकअप चालू करून दिला. "जयवंता, माझं सगळं गेलं का रे वर?" त्यांनी विचारलं. "गेलं, बुवा." "बरं झालं. माणसाआधी सामान पोचलेलं चांगलं." सगळा सभामंडप हसला होता.

तेराव्याला शय्यादान झालं. गादी, छत्री, चपला, तांब्या. हरेश म्हणाला, बाबांचा जीव फोनात होता, तोही देऊ. आदल्या दिवशी फुलपाड्याच्या घरून त्याने मला फोन केला होता. "काका, दानाची वस्तू रिकामी करून द्यावी म्हणतात. फोन पुसून टाकतो. बॅकअप आहे ना?"

"आहे रे. मीच करून दिलाय."

तो बॅकअप फोटोंचा होता. फोटो आणि व्हिडिओ. रेकॉर्डरमधला आवाज त्यात जात नाही. तो वेगळा उचलून ठेवावा लागतो. मी तो ठेवला नव्हता. हे माझ्या ध्यानात आलं चार दिवसांनी, दुसऱ्याच कुणाचा फोन बघताना. दान घेतलेल्या गुरुजींकडे वसईला धावत गेलो. त्यांनी बिचाऱ्यांनी फोन लगेच पुढे केला. आत काही नव्हतं. त्यानंतर वैनींच्या आळीतून जायचं मी टाळत होतो.

वैनींना सगळं सांगितलं. इग्नेशियसकाकांनी गळ्यातला क्रूस मुठीत धरला.

"चूक माझी, वैनी."

वैनींनी पदराची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "तुमी ठेवलं नाय, मी ऐकलं नाय," त्या म्हणाल्या. "वाटून घेऊ. पन बघा तरी काय हाय त्यात."

बुवांचं सिम हरेशने वैनींच्या फोनात घातलं होतं, म्हणून खातं उघडायचा कोड त्यांच्याकडे आला. ते उघडलं. चिकूच्या झाडाचे फोटो, रेशनकार्डाचा फोटो, वैनी पाठमोऱ्या चुलीशी, असे तीन. आणि शेवटी एक व्हिडिओ, गेल्या वर्षीच्या एका पौर्णिमेचा. चित्र पूर्ण काळं. घाईत बुवांनी रेकॉर्डरऐवजी कॅमेरा दाबला होता आणि फोन नेहमीसारखा पालथा ठेवला होता.

लावला. आधी पेटीचा भाता, मग खोकला, मग बुवांचा आवाज. तोच, थोडा नाकातून येणारा. वैनींचे ओठ त्या निरूपणाबरोबर हलू लागले, शब्दाला शब्द. पंचवीस मिनिटं त्यांनी पापणी हलवली नाही. झांजा वाजल्या. "लावा बुक्का," बुवा म्हणाले, आणि नामघोष उठला.

वैनी उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, पदर कमरेला खोचून, दोन पावलं दाराकडे गेल्यासुद्धा.

मागून बुवांचा आवाज आला, "आता ऐका. एका गावात एक बाई होती." आणि व्हिडिओ संपला. फोनातली जागा भरली असणार.

वैनी दारात उभ्या होत्या. "पुढं?"

पुढची कथा आम्ही सगळ्यांनी ऐकली होती. मी एकही पौर्णिमा चुकवली नव्हती. "ती पाणी भरायची," मी म्हणालो. "छे, दळण दळायची," मागून कुणी म्हणालं. "तिचा मुलगा होता का, का दीर?" मला शेवट आठवेना. रडलो होतो एवढं आठवत होतं.

वैनींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग परत येऊन बसल्या. "र्‍हाऊ द्या. तेच लावा परत."

परत लावलं. बुक्क्याला त्यांचा हात पुन्हा गुडघ्यावर गेला, पाय पुन्हा उभे राहिले. त्या स्वतःशीच हसल्या. "मेले पाय ऐकत नाय."

तिसऱ्यांदा लावताना त्यांनी टेबलाचा पाय दोन्ही हातांनी धरला. झांजा वाजल्या, बुक्का लागला, नामघोष चढला. त्यांच्या बोटांची पेरं पांढरी झाली, पण त्या उठल्या नाहीत.

"आता ऐका," बुवा म्हणाले. "एका गावात एक बाई होती."

व्हिडिओ तिथेच थांबला. वैनी टेबलाचा पाय धरून, मान किंचित कलती करून, अजून ऐकत बसल्या होत्या.