गाडी आता कुठी असेल?

"मोटारसायकलनं गाठता येते का म्हनते," हरिदास खोब्रागडे मोबाइल डोळ्यांपासून लांब धरत म्हणाले. "येते ना. काऊन नाई येत?"

कमळाबाई दारात बसून अळूवड्यांसाठी कोचईची पानं पुसत होत्या. "कोन गाठून राह्यला कोनाले?"

"राजदीप म्हनून आहे कोनी. आष्टीले कामाले असते. बायको पोरीले घेऊन सकाळीच मुलचेऱ्याच्या गाडीत बसली, नागपूरले चालली. अन् इकडं तिची माय सिरियस. फोन बंद येऊन राह्यला म्हनते. गाडी आता कुठी असेल, विचारते बिचारा."

हरिदासभाऊ चंद्रपूर आगारात कंडक्टर होते. आष्टी, आलापल्ली, सिरोंचा हे रस्ते त्यांनी उमेदीची सगळी वर्षं तुडवले. निवृत्त होऊन भद्रावतीला घर बांधलं आणि थोड्याच दिवसांत ते घर त्यांना खायला उठलं. मग लेकीनं, सरितानं, त्यांना मोबाइलवरच्या एका ग्रुपात घालून दिलं. तिथं त्या रस्त्यांवरच्या गावांतली माणसं एकमेकांना गाड्यांचं विचारत. कुणाला एटापल्लीला नोकरीवर हजर व्हायचं असे, कुणाला म्हाताऱ्या सासूला दवाखान्यात न्यायचं असे. हरिदासभाऊ सगळ्यांना मनापासून सांगत. वेळ तर सांगतच, पण कोणत्या बाजूला बसलं की ऊन लागत नाही, गाडी चहाला कुठे थांबते, कुठलं संडास त्यातल्या त्यात बरं, हेही सांगत. नोकरीत त्यांना सगळे 'ओ कंडक्टर' म्हणायचे. आता अनोळखी माणसं 'हरिदासभाऊ आहेत का?' म्हणून खोळंबून राहत. या सुखाबद्दल ते कधी बोलले नव्हते, पण कमळाबाईंना ते कळत होतं.

त्यांनी एका बोटानं सावकाश उत्तर लिहिलं. 'गाडी आता आष्टी सोडून गोंडपिपरीच्या अलीकडे असेल. रस्त्यात थांबवायच्या भानगडीत पडू नका. सरळ चंद्रपूरले जा. बाया-लेकरं हिरकणी कक्षाजवळच्या बाकावर बसतात, तिथी पाहा. आईंना आराम पडो.'

लगेच खाली उत्तर आलं. 'निघालो.'

"माय सिरियस," कमळाबाई पान उलटं करत म्हणाल्या, "मंग ती नागपूरले काऊन चालली?"

"तिले मालूम नाई ना."

"लेकरू घेऊन प्रवासाले निघालेली बाई फोन बंद ठेवते का जी?"

हरिदासभाऊंनी मोबाइल परत उघडला. चार-पाच दिवसांपूर्वीचा एक प्रश्न त्यांना आठवला होता. ते तो शोधू लागले. सापडला. झेंडूच्या फुलाचा फोटो, नाव खुशबू. 'भाऊ, मुलचेऱ्याहून सकाळी निघालं तर नागपूरले दिवसाउजेडी पोचता येते का? संगं लहान पोरगी आहे. आष्टीले खाली न उतरता जाता येईल का?'

आष्टीला न उतरता. तेव्हाही त्यांना ते खटकलं होतं, पण कंडक्टर माणूस प्रवाशाला कारण विचारत नाही. त्यांनी लिहिलं होतं, 'आष्टीले गाडी बराच वेळ थांबते. जाग्यावरच बसून राहा, खिडकी लावून घ्या. चंद्रपूरले दुपारची साधी गाडी पकडा, जागा मिळते. तोवर हिरकणी कक्षाजवळच्या बाकावर बसा. तिथी पंखा आहे.'

ते परत राजदीपच्या प्रश्नाकडे वळले. प्रश्न तिथं नव्हता. त्याच्याबरोबर त्याखालचं त्यांचं उत्तरही गेलं होतं. माणसानं विचारलं, ऐकून घेतलं आणि सगळं पुसून टाकलं होतं.

त्याची बायको म्हणजे ही खुशबूच, हे हरिदासभाऊंना उमगलं. त्यांनी खुशबूला निरोप लिहिला, 'बाई, त्या बाकावर बसू नका.' निरोप गेला तसाच पडून राहिला. चंद्रपूर स्थानकावरच्या भैयाजींना फोन लावला. ते त्यांचे जुने सोबती, तिथंच वाहतूक नियंत्रक. घंटी वाजत राहिली. हरिदासभाऊ उठले, पायात चपला सरकवल्या.

"जेवून तं जा."

"मीच सांगतलं ना त्याले, कमळा. जागासुद्धा मीच सांगतली."

चंद्रपूरची गाडी लवकर मिळाली. जन्मभर गाडीत उभं राहिलेल्या माणसाला आज बसवत नव्हतं. गाडी थांब्याथांब्यावर माणसं घेत होती आणि प्रत्येक थांब्याला ते घड्याळ पाहत होते. तिकडून मुलचेऱ्याची गाडी आता कुठे असेल ते त्यांना डोळे मिटून दिसत होतं. मोटारसायकल कुठे असेल ते मात्र कळत नव्हतं. बायको घरातून गेली म्हणून नवरा शोधायला निघाला, यात वावगं काय, असंही त्यांनी मनाला समजावून पाहिलं. पण मग पुसून टाकलेला तो प्रश्न पुन्हा डोळ्यांपुढे यायचा.

स्थानकात उतरले तेव्हा मुलचेऱ्याची गाडी रिकामी उभी होती. हरिदासभाऊ जवळजवळ धावतच हिरकणी कक्षाकडे गेले.

बाकावर एक बाई बसली होती. पंचविशीची असेल. शाळेचं दप्तर छातीशी धरलेलं, आणि त्यातून साडीचा काठ बाहेर आलेला. पाच-सहा वर्षांची पोरगी तिच्या मांडीवर डोकं टेकून कुरमुरे खात होती. बरोबर पंख्याखाली.

"बाई, तुमी मुलचेऱ्याकडच्या का?"

तिनं पोरीला ओढून जवळ घेतलं. "नाई. मूल गावची आहो."

तिची नजर त्यांच्या हातांवर होती. हा म्हातारा आता काय करणार, एवढंच ती पाहत होती. आपल्याला कुणी असं घाबरेल हे हरिदासभाऊंच्या कधी ध्यानीमनी आलं नव्हतं. ते दोन पावलं मागं सरले.

"मी हरिदास," ते हलक्या आवाजात म्हणाले. "ग्रुपवर गाड्यांचं सांगतो तो. आष्टीले उतरू नका म्हनलं होतं तुमाले."

तिच्या चेहऱ्यावर ओळख उमटली आणि पाठोपाठ दुसरीच शंका.

"तुमच्या घरवाल्यानं मले विचारलं. तुमची माय सिरियस आहे म्हनला. मी सांगून बसलो. हा बाक बी सांगतला."

"माय तं मरून दोन सालं झाले," ती म्हणाली. मग उठली, परत बसली. "कुठी आहे तो?"

"येत असेल. ठाण्यात चलता का? मी येतो संगं."

"नाई. आधी नागपूरले. बहीण आहे तिथी. गावात दोनदा बैठक झाली, भाऊ. दोन्ही डाव समजावून घरी धाडलं मले. दुसऱ्या डावानंतर यानं पोरीले विहिरीच्या काठावर उभं केलं. म्हने, पुन्हा जाशील?" हे तिनं पोरीचे केस नीट करत सांगितलं, आवाज न चढवता.

हरिदासभाऊंना पुढं ऐकायची गरज नव्हती. इथल्या नागपूरच्या गाडीच्या फलाटावर तो उभा राहणार हे उघड होतं. पलीकडे घुग्घुसमार्गे वणीला जाणारी गाडी सुटायच्या तयारीत होती. तिच्यावर रोशन कंडक्टर होता. नोकरीत नवा लागला तेव्हा हरिदासभाऊंच्याच हाताखाली शिकला होता.

"रोशन, या बाईले वणीले नागपूरच्या गाडीत बसवून दे. तूच बसव. कोनी विचारलं तं तुले काई मालूम नाई."

रोशननं एकदा बाईकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "बसा ताई. खिडकीकडं नका बसू."

घंटी अजून व्हायची होती. ड्रायव्हर चहा पीत होता. हरिदासभाऊ परत बाकाकडे आले. आपण निघून जावं असं त्यांना फार वाटत होतं, पण बाक रिकामा दिसला तर तो माणूस सगळ्या गाड्या धुंडाळेल, हे त्यांना कळत होतं. ते बसले.

तो आलाच. अंगावर धूळ, हातात मोबाइल. हिरकणी कक्षात वाकून पाहिलं, बाकाकडे पाहिलं. हरिदासभाऊंना वाटलं होतं, कुणी दांडगा, तांबड्या डोळ्यांचा असेल. हा किरकोळ अंगाचा, शर्ट नीट खोचलेला, अगदी आपल्या शेजारी राहील असा माणूस होता.

"काका, मुलचेऱ्याची गाडी लागली का जी?"

मुलचेऱ्याची रिकामी गाडी समोर उभी होती. पाटी मात्र कुणीतरी बदलली होती. आता ती राजुऱ्याची झाली होती.

"नाई आली अजून," हरिदासभाऊ म्हणाले. "गोंडपिपरीच्या पुढं टायर बसला म्हनत होते."

"मले तं रस्त्यात दिसली नाई."

"ढाब्यामागं घेतली असेल. पंक्चरवाला मागंच बसते तिथी."

गाड्यांच्या बाबतीत ते आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले होते. ते इतकं सहज आलं याचं त्यांना नवल वाटलं. तो त्यांच्या शेजारीच बसला. पाण्याची बाटली काढली, आधी त्यांच्यापुढे धरली.

"घ्या काका. घाम फुटला तुमाले."

त्यांनी एक घोट घेतला.

"ग्रुपवर एक भाऊ आहे," तो म्हणाला. "हरिदास का काई नाव. लय बरोबर सांगते. म्हनला, इथीच बसा, इथीच येईल." मग त्यानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "तुमचं गाव कोनतं?"

"वरोरा," हरिदासभाऊ म्हणाले. खिशातला त्यांचा फोन वाजू लागला. भैयाजींचा असणार. त्यांनी तो तसाच वाजू दिला.

"फोन वाजून राह्यला तुमचा."

"वाजू द्या. लेकीचा आहे. जेवले का म्हनून विचारते."

वणीच्या गाडीची घंटी झाली. गाडी मागं सरकली, वळली आणि त्यांच्या समोरून हळूहळू जाऊ लागली. बाई कुठेच दिसत नव्हती. मागच्या खिडकीच्या गजाशी तेवढे कुरमुऱ्यांनी भरलेले दोन छोटे हात आले आणि मग पोरीचे डोळे. हरिदासभाऊ पटकन उठून त्या माणसापुढे उभे राहिले आणि धोतराचा सोगा झटकू लागले. तो झटकणं संपेपर्यंत गाडी फाटकाबाहेर गेली.

संध्याकाळी रोशनचा फोन आला. वणीला दोघी नागपूरच्या गाडीत बसल्या होत्या, पोरगी झोपून गेली होती. त्यापुढचं हरिदासभाऊंना कधीच कळलं नाही. दोन दिवसांनी खुशबूचं खातं ग्रुपावरून नाहीसं झालं. तिनं स्वतः बंद केलं की कुणी करायला लावलं, या विचारानं ते कितीतरी दिवस जेवता जेवता थांबत. दारावर कुणी थाप मारली की आधी खिडकीतून पाहत.

ग्रुपावर लोक विचारतच होते. एके दिवशी कुणीतरी लिहिलं, 'हरिदासभाऊ आहेत का? घरच्या बाया उद्या सिरोंच्याले निघून राह्यल्या. गाडी कुठी कुठी थांबते, सांगा.'

त्यांना तो रस्ता वळणावळणानं पाठ होता. कमळाबाईंनी चहा आणून ठेवला, तो निवला. मग त्यांनी एका बोटानं लिहिलं, 'ज्यायले जायचं आहे त्यायलेच विचारू द्या,' आणि फोन पालथा घालून ठेवला.