भेकर नव्हतं ते

"पिल्लू वाचलं ना? मग आता तोंड बंद ठेव!" मामा नळाखाली हात धरून ओरडला. शेतातून आल्यापासून हातच धुतोय.

"वाचलं म्हणे! त्याची आई तू चरात ढकललीस. त्याला पाजणार कोण, तू?"

"ओजस, हळू बोल. खालच्या मजल्यावर फ्राऊ क्लासेन आहे."

"तिला मराठी येतं का?"

"ओरडणं सगळ्यांना कळतं."

हा पुष्कर मामा, आईचा धाकटा भाऊ. डार्मश्टाटला पीएचडी केली, आता इथे उत्तरेला समुद्रकाठी पवनचक्क्यांच्या कंपनीत आहे. मी वाल्डॉर्फचा, जन्मच जर्मनीतला. शाळा सोडली. म्हणजे वर्गात एकदा खुर्ची फेकली आणि परत गेलोच नाही. बाबांनी थोडे दिवस डोकं आपटलं, मग मला इकडे पाठवलं. समुद्राची हवा खा म्हणे. हवा आहेच. बाकी चिखल, मेंढ्या, पाण्याचे चर आणि डोक्याच्या वर जाणारा बोरू.

मामाला इथलं व्हायचंय. गावातल्या लोकांनी आपल्याला आपला म्हणावं म्हणून त्याने शिकारीचं लायसन्स काढलं. आमच्या आजीकडे अंडंसुद्धा वेगळ्या भांड्यात उकडतात आणि हा बंदूक घेऊन फिरतो. आजीला अजून सांगितलेलं नाही.

इथली शिकारीची जमीन गावातल्या हायकोने भाड्याने घेतलीये. कुणाच्या तरी खासगी पार्कातून चिनी भेकरं सुटलीत, कुत्र्याएवढी हरणं असतात, ती या दलदलीत वाढायला लागलीत. इथली नाहीत, झाडोरा खातात, म्हणून मारायची. हायकोने मामाला सांगितलं होतं, भेकर दिसलं तर खुशाल मार. पण आधी पूर्ण बघ. जनावर ओळखल्याशिवाय गोळी नाही.

आज पहाटे आम्ही मचाणावर होतो. मामाकडे बंदूक, माझ्याकडे दुर्बीण, कारण माझी नजर चांगली आहे, तेवढं तरी सगळे मान्य करतात. धुकं होतं. बोरूतून आवाज आला, कुत्रा भुंकल्यासारखा. भॉक. परत भॉक.

मामा शहारला. "भेकर! अरे, कोयनेच्या जंगलात ट्रेकला रात्रभर ऐकलाय मी हा आवाज. हेच ते."

मला बोरूच्या फटीतून फक्त दोन कान दिसत होते. मोठे कान.

"थांब मामा. कान मोठे आहेत. मागचं दिसू दे."

"गेनाऊ, अगदी भेकरच," तो म्हणाला आणि चाप ओढला.

इथलं साधं हरीणही भुंकतं. रेह म्हणतात त्याला, प्रत्येक शेतात असतं. घाबरलं की असंच ओरडतं. मामाने लायसन्सच्या परीक्षेसाठी हे पाठ केलं होतं, मार्कही मिळाले होते. पण कानात कोयना बसलेली. इथल्या कुठल्याच माणसाच्या कानात ती नसते.

ते जनावर उडी मारून पडलं तेव्हा मला ढुंगणावरचा पांढरा डाग दिसला, रेहचा. मादी होती. जवळ गेलो तर पाय झाडत होती. मग थांबली. मामाने तिला उलटी केली. कास भरलेली. सडांतून दूध ओघळत होतं आणि पोटावरच्या रक्तात मिसळून गुलाबी होत होतं.

मे महिना आहे. या दिवसांत पिल्लाची आई मारणं हा इथे गुन्हा आहे, नुसता दंड भरून सुटण्यासारखा नाही. मामाचा नागरिकत्वाचा अर्ज ऑफिसात पडलाय. केस झाली की तो लटकला, लायसन्स तर गेलंच. हे सगळं मामा तिथेच उभा राहून बडबडला. माझ्याकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. मग त्याने एक डहाळी मोडली आणि तिच्या तोंडात ठेवली. मारलेल्या जनावराला शेवटचा घास द्यायचा, ही इथल्या शिकाऱ्यांची रीत. घास दिला, आणि मागचे पाय धरून तिला चरात ढकललं.

मी गवतात पिल्लू शोधलं. नाही सापडलं. ती इतकी गप्प पडून राहतात की पाय पडेपर्यंत कळत नाही. आणि त्या गवतावर आजच मशीन फिरणार होतं. ट्रॅक्टर येऊन उभाच होता.

कापणीच्या आधी हायको ड्रोन उडवतो. उष्णता दिसते त्यात, पिल्लं सापडतात. एक सापडलं. हायकोने हातमोजे घातले, मूठभर गवतासकट त्याला उचललं, माणसाचा वास लागू नये म्हणून, आणि बांधाजवळ क्रेटखाली ठेवलं.

"तू सकाळी गोळी झाडलीस ना?" त्याने मामाला विचारलं.

"हो, भेकर होतं. नेम चुकला," मामा म्हणाला. हातात हायकोच्याच थर्मासची कॉफी.

कापणी संपल्यावर हायकोने क्रेट उचलला. "आई इथेच कुठेतरी बघत असते. येते ती." माझ्याकडे बघून अंगठा वर केला. मामानेही केला. तिथेच माझं डोकं फिरलं.

दुपारी सायकलवरून जाऊन आलो. पिल्लू बांधाजवळच होतं. पीं पीं करत होतं, बारीक, थांबून थांबून. अनाथ प्राणी सांभाळतात तिथे फोन केला. बाई म्हणाली, हात लावू नका, आई येईल.

"नसली तर?"

"मेलेली बघितलीत का? कुठे? तिथला शिकारी कोण?"

मी फोन कापला आणि घरी येऊन मामाला धरलं.

"आल्झो, मग आपणच दूध पाजू," मामा आता म्हणाला. "बाटली आणतो."

"गाईच्या दुधाने पोट बिघडून मरतात ती. वाचलंय मी."

"शाळेत कधी काही वाचलं नाहीस ते!"

"तू वाचलंस ना? मग? काय मारलंस?"

त्याने हात परत नळाखाली धरले. मग हळू आवाजात म्हणाला, "गाडीखाली आली असेल, असं सांगू."

"भोक आहे तिला, मामा. हायको आंधळा नाही."

"तुझं काय जातंय रे? तुझा जर्मन पासपोर्ट खिशात आहे. खुर्ची फेकलीस, तरी तुला इथून कोण हलवणार आहे? मी सगळं सोडून आलोय. एका हरणासाठी मी परत रांगेत उभा राहू?"

हे लागलं मला. खरं होतं ते.

"तू हायकोला फोन कर," मी म्हणालो. "तू स्वतः सांगितलंस तर वेगळं दिसेल."

त्याने फोन हातात घेतला. बघत बसला. परत ओट्यावर ठेवला. "संध्याकाळपर्यंत बघू."

"संध्याकाळी कोल्हा बघेल."

मग मीच लावला आणि सगळं सांगितलं. हायको म्हणाला, "कुठे आहे ती?"

"चरात. मी दाखवतो."

"पुष्कर आहे तिथे?"

"आहे."

त्याला फोन दे म्हणाला नाही. "पिल्लू आधी उचलू," म्हणाला आणि ठेवला.

मला वाटलं मामा मारेल. मी उभाच होतो, मार म्हणून. त्याने मारलं नाही. खुर्चीवर बसला, ओल्या हातांचं पाणी जमिनीवर ठिबकत होतं.

"ताईला फोन करून सांग," तो म्हणाला, "तुला घेऊन जा म्हणावं."

"सांगतो."

"तूच बोल. माझ्याशी काही बोलू नकोस."

खाली हायकोची गाडी थांबलीये. मामा उठत नाहीये. मला आता निघायला हवं.